जमा बाजूची एक ओळ



रोहिणी निघाल्यात, ढेकळं तापलीत, आणि नांगरट करून बसलेला माणूस आभाळाकडं बघत बसतो. तशा मोकळ्या दिवसांत परवा रविवारी आमच्या संस्थेची वार्षिक सभा उरकून घेतली. संस्था म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पाटी नाही, ऑफिस नाही. १८६० च्या कायद्याखाली नोंदणी करायला किमान सात माणसं लागतात, म्हणून आम्ही सात. सचिव मी, खजिनदार आमच्या शेजारच्या आक्का, अध्यक्ष आबा. बाकीच्यात एक निवृत्त मास्तर आणि तिघं माझ्यासारखेच कांदा-हरभरा करणारे.

मारुतीच्या देवळापुढं बसून आक्कांनी हिशेब वाचला. जमा: सात सभासदांची वर्गणी ७,०००, ओढ्याच्या २८ कुटुंबांकडून शंभर शंभर प्रमाणे २,८००, देणगी १,८००. एकूण ११,६००. खर्च: हिवरे बाजारला जायची गाडी ३,२००, तीन पर्जन्यमापक २,४००, फलक १,९००, हिशेब तपासनिसाची फी १,५००, तीन टेप १,३५०, वह्या-पेन-रंग ६४०. शिल्लक ६१० रुपये.

दोन मिनिटांत वर्ष संपलं. मागं बसलेल्या एका नव्या पोरानं विचारलं, "आक्का, ही अठराशेची देणगी कुणाची?"

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. आबा म्हणाले, "सांग की. लाजायचं काय आता."

सभेत सांगितलं. तेच इथंही लिहितो, कारण ह्या पानावर मी वर्षभर पाणी मोजण्याच्या नोंदी टाकल्यात, तुमच्यातल्या कित्येकांनी त्या वाचून शाबासकी दिलीय. त्यातली एक नोंद कशी झाली हे तुम्हाला माहीत नाही.

सुरुवात

आम्ही पारनेर तालुक्यातले. पाऊस कमी, आणि तोही लहरी. मूग-वाटाणा-बाजरी पावसावर, पुढं ज्वारी-हरभरा, आणि पैसा म्हणाल तर कांदा. आमच्या ओढ्याच्या काठानं ३१ विहिरी आहेत. मागच्या वर्षीच्या एप्रिलात त्यातल्या १९ कोरड्या ठाक होत्या. कांदा पोसायच्या वेळेला पाणी गेलं. त्याच महिन्यात बोअरची गाडी आठ दिवस आमच्या शिवारातच मुक्कामाला होती. रात्रभर घरघर. नऊ बोअर झाले. दोनला बरं पाणी लागलं, तिघांना करंगळीएवढं, चार ठिकाणी नुसता फुफाटा उडाला. चारशे फुटांचा फुफाटा किती रुपयांना पडतो हे इथल्या वाचकांना सांगायची गरज नाही.

तेव्हा मास्तर म्हणाले, एकदा हिवरे बाजारला जाऊन येऊ. तसं ते आम्हाला जवळच. तिथं गाव दरवर्षी ग्रामसभेत बसून पडलेल्या पावसाचा हिशेब मांडतं आणि त्यावर रब्बीची पिकं ठरवतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पोपटराव पवारांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण मला तिथं भावला तो फलक. पाणी किती, खर्च किती, शिल्लक किती. दुकानाच्या वहीसारखं.

परतताना गाडीत सगळे जोशात होते. आबा तेवढे गप्प. घर जवळ आल्यावर म्हणाले, "त्यांच्या मागं तीस वर्षांचं काम हाय. डोंगरावर चर हायती, झाडी हाय, अख्खं गाव हाय. आपण सात माणसं आन् एक टेप. तेवढंच करू, जेवढं टेपनं हुतंय."

म्हणून आम्ही चर खोदले नाहीत, बंधारा बांधला नाही. फक्त मोजायचं ठरवलं. पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या, दसऱ्यानंतर हिशेब मांडायचा.

मोजणं सोपं नसतं

पर्जन्यमापक तीन बसवले: एक वरच्या माळावर, एक मधे वस्तीवर, एक खाली ओढ्याच्या तोंडाला. रोज सकाळी साडेआठला वाचायचे. अडीच किलोमीटरच्या आत किती फरक पडतो हे पहिल्यांदा कळलं. जुलैतल्या एका संध्याकाळी माळावर ४१ मिलिमीटर आणि खाली ६. आमच्या खालच्या आळीचे लोक नेहमी म्हणायचे, "वर पडतो, आम्हाला नुसता गडगडाट." ते खरं होतं, पण वहीत यायला तीन डबे लागले.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरवर दहा हजार लिटर, एकरावर साधारण चार हजार लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की पावसाकडं बघायची नजर बदलते. आमच्या आईनंही शेवटी "आज चार पॉइंट झाला" म्हणायचं सोडून "एकराला किती ड्रम झाले रे" असं विचारायला सुरुवात केली.

विहिरींचं काम अवघड निघालं. काठावर लाल रंगाची एक खूण केली, खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडायची, दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आम्हाला वाटलं, आपण महिन्यातून दोनदा मोजू, मग काय, आपण पुढं! पण जून ते ऑगस्टची अख्खी वही आम्हाला फेकून द्यावी लागली. दोन चुका होत्या.

पहिली चूक हसण्यासारखी. खुणेपासून पाण्यापर्यंत मोजलं की आकडा जितका मोठा तितकं पाणी खोल. आमच्यातले दोघं जण आकडा वाढला की "पाणी वाढलं" म्हणून शेरा मारत होते. आबांच्या पिढीला "विहिरीला दोन परस पाणी आहे" असं तळापासून मोजायची सवय. टेप वरून, डोकं खालून. गोंधळ होणारच.

दुसरी चूक महत्त्वाची, आणि ज्यांना मोजायचं आहे त्यांनी ही लक्षात ठेवावी. आमच्याकडं थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आम्ही ठरवलं होतं सकाळी सातला मोजायचं. पण रात्रपाळीच्या आठवड्यात सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर टाकलेल्या. सकाळी सातला विहीर नुकतीच उपसलेली असते. मग तो आकडा भूजलाचा नसतो, उपशाचा असतो. नंतर नियम केला: लाइट यायच्या आधीच्या तासात मोजायचं. दिवसपाळी असेल तर सकाळी, रात्रपाळी असेल तर संध्याकाळी. म्हणजे विहिरीला झिरपून वर यायला जास्तीत जास्त वेळ मिळालेला असतो. सप्टेंबरपासून आकडे जरा शहाण्यासारखे वागायला लागले.

टेप सोडायचं काम वस्तीवरच्या नववीतल्या एका पोराकडं दिलं. सायकल होती, अक्षर चांगलं होतं आणि मुख्य म्हणजे कुणाच्या बांधावर जायला त्याला संकोच नव्हता. सगळे त्याला मोजणीदार म्हणायला लागले. नावच पडलं.

दसऱ्यानंतरचा हिशेब

कांद्याचं रोप टाकायच्या आधी सभा घेतली. २८ पैकी २५ घरं आली. मास्तरांनी शाळेचा फळा आणला होता. हिशेब असा मांडला, इथल्या कृषी पदवीधरांनी चुका काढाव्यात:

आमच्या ओढ्याचं क्षेत्र १८० हेक्टर धरलं. मे अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत विहिरींची पातळी सरासरी साडेचार मीटर वर आली. आपला खडक बेसाल्ट. वर मुरूम, खाली मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. त्यात पाणी फटींत आणि कुजलेल्या थरात बसतं, म्हणून खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के पाणी धरलं. १८० हेक्टर गुणिले साडेचार मीटर गुणिले २ टक्के, म्हणजे १६ कोटी २० लाख लिटर.

ह्यातून आधी माणसं आणि जनावरं. ६०० माणसं, दरडोई रोज ५५ लिटर, ३०० जनावरं, सरासरी ६० लिटर, आठ महिने. सव्वा कोटीच्या आसपास. उरले पंधरा कोटी.

मग प्रत्येकानं आपापलं नियोजन सांगितलं. कांदा ६० एकर. मोकळ्या पाण्यानं एका पाळीला एकरी दोन लाख लिटर धरले, बारा पाळ्या, म्हणजे एकरी २४ लाख. एकट्या कांद्याला १४ कोटी ४० लाख. गहू २० एकर, एकरी १४ लाखांनी २ कोटी ८० लाख. हरभरा ४० एकर, दोन पाण्यांचे एकरी ५ लाख, २ कोटी. घास-मका ८ एकर, १ कोटी ६० लाख. बेरीज २० कोटी ८० लाख.

फळ्यावर खाली मास्तरांनी लिहिलं: तूट ५ कोटी ८० लाख. आणि खडू ठेवून दिला.

हे आकडे अगदी काटेकोर नाहीत, हे आम्हालाही ठाऊक होतं. ते २ टक्के कुठं १ असतील, कुठं ३. डिसेंबरपर्यंत ओढ्यातून वाहून जाणारं पाणी आम्ही धरलंच नव्हतं. पण तूट एवढी मोठी होती की चूक कुठल्याही बाजूची धरली तरी कांदा कमी करावाच लागणार होता.

कुणाचा किती, ह्यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद. मास्तरांनी नायगावच्या पाणी पंचायतीची आठवण काढली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेली. तिथं पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर, जास्तीत जास्त अडीच एकर, आणि उसाला बंदी. ऐकायला सगळ्यांना आवडलं. करायला कुणी तयार झालं नाही, खरं सांगायचं तर मीही नाही. माझ्या घरात चार माणसं आणि मला कांदा तीन एकर करायचा होता.

मग सरळ सगळ्यांचा तिसरा हिस्सा कापू असं मी सुचवलं. त्यावर आक्का उठल्या. त्यांची एकूण बागायत दोन एकर. म्हणाल्या, "तीन एकरवाल्याचा एकर गेला तर त्याचा हप्ता थांबतो. माझ्या पाऊण एकरातला पाव गेला तर किराणा थांबतो. तिसरा हिस्सा सगळ्यांना सारखा नसतो भाऊ."

शेवटी ठरलं ते असं: एक एकरापर्यंत कांद्याला हात लावायचा नाही. त्याच्या वर जेवढा असेल त्याचा निम्मा कापायचा. कांदा ४० एकरांवर आला. गहू दहा एकर केला, त्या जागी हरभरा वाढवला. बेरीज १५ कोटी १० लाख. उपलब्ध पाण्याच्या जवळपास. माझे तीनचे दोन एकर झाले.

सचिव म्हणून हा ठराव मी माझ्या हातानं लिहिला. सह्या घेतल्या. पहिली सही माझी.

वीस गुंठे

रोप टाकताना एकरी तीन किलो बी लागतं. मी दोन एकरांना सहा किलो टाकायला हवं होतं. बी जुनं होतं, उगवण कमी होईल म्हणून दोन किलो वाढवून टाकलं. हे खरं आहे. पण बी चांगलं उगवलं, हेही खरं आहे.

डिसेंबरच्या शेवटी दोन एकर लागवड झाली आणि गादीवाफ्यांवर रोप उरलं. हिरवंगार, पन्नास दिवसांचं, सरळ. ज्यानं रोप वाढवलंय त्याला कळेल, असं रोप फेकवत नाही. विकायचं म्हटलं तर त्या आठवड्यात सगळ्यांकडंच उरलेलं. बायका लागवडीला आलेल्याच होत्या. बांधापलीकडच्या तुकड्यात वीस गुंठे मोकळे होते. रस्त्यावरून दिसत नाहीत. एका दिवसात लावून झालं.

मनाशी हिशेब केला की ठिबकवर करू, पाणी कमी लागेल. ठिबकच्या नळ्या जुन्या होत्या, अर्ध्या तुंबलेल्या. तिसऱ्या पाळीपासून मोकळंच पाणी सोडत होतो. वीस गुंठे कांदा, बारा पाळ्या, म्हणजे १२ लाख लिटर. सव्वादोन एकर हरभऱ्याची दोन्ही पाणी त्यात बसतात. हा गुणाकार मला तेव्हाही येत होता.

१५ जानेवारीला संध्याकाळी मोजणीदार सायकल घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, तुमच्या विहिरीचा आकडा बरोबर येईना. सगळ्यांची पंधरा दिवसांत अर्धा-पाऊण मीटर उतरलीय. तुमची एक मीटर चाळीस. आन् आक्काची एक मीटर दहा. टेप अडकली असंल. परत मोजू का?"

मी चहा पीत होतो. त्याला म्हणालो, "अडकली असेल. माझ्या विहिरीला मागच्या आकड्यात साठ सेंटीमीटर वाढवून लिही."

त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग गुडघ्यावर वही ठेवून मी सांगितला तो आकडा लिहिला. तीच नोंद मी दुसऱ्या दिवशी ह्या पानावर टाकली. तुमच्यातल्या तेवीस जणांनी अंगठा दिला.

फेब्रुवारीची सभा

दरम्यान आक्कांच्या विहिरीची मोटर दीड तास चालायची ती चाळीस मिनिटांत हवा ओढायला लागली. त्यांना वाटलं मोटरच बिघडली. हरभरा घाटे भरायच्या अवस्थेत होता. त्यांनी तालुक्याहून मिस्त्री आणला, मोटर वर काढली, उघडली, परत सोडली. मोटरला काही झालं नव्हतं. मिस्त्रीचे अठराशे रुपये गेले. आणि हरभऱ्याचं दुसरं पाणी निम्म्या रानाला बसलंच नाही.

हे मला माहीत होतं. मोटर वर काढताना दोर धरायला मीच गेलो होतो.

१५ फेब्रुवारीच्या सभेत मोजणीदार आकडे वाचत होता. विहीर क्रमांक, तारीख, आकडा. माझ्या विहिरीपाशी आला आणि थांबला. मी वाकून वही बघितली. १५ जानेवारीच्या रकान्यात पेनानं मी सांगितलेला आकडा होता. त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, शिसपेन्सिलीनं खरा आकडा होता. पोरानं माझा शब्दही मोडला नव्हता आणि वहीशी खोटंही बोलला नव्हता. आता कुठला वाचायचा ते त्याला कळेना.

मी म्हणालो, "पेन्सिलीचा वाच."

मग सगळं सांगितलं. वीस गुंठे, तुंबलेल्या नळ्या, चहा. मोठं भाषण काही केलं नाही, करता आलं नसतं. देवळापुढं बराच वेळ कुणी बोललं नाही. पहिल्या बोलल्या त्या आक्का. "म्हणजे माझी मोटर बिघडली नव्हती तर."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी खिशातून अठराशे काढून द्यायला लागलो. त्या म्हणाल्या, "मला दिलेस तर तुझं-माझं फिटलं. वहीचं काय? संस्थेत भर. पावती मी फाडते." ती ही जमा बाजूची ओळ. हिशेब तपासनिसानं विचारलं होतं, देणगीदाराचं नाव टाकायचं का. आक्का म्हणाल्या, टाका की. हरभऱ्याचं जे नुकसान झालं ते मी सुगीत वेगळं भरून दिलं, ते आमच्या दोन घरांतलं.

पण सभा तिथं संपली नाही. माझं झाल्यावर पंधरा मिनिटांनी मागून एकजण खाकरला. त्याचे पंधरा गुंठे जास्त होते. मग आणखी एक. मग आबाच म्हणाले, "उद्या सगळे मिळून शिवारफेरी करू. कुणी कुणाला बोलायचं नाय, नुसतं मोजायचं." दुसऱ्या दिवशी मोबाइलवर क्षेत्र मोजत सगळा ओढा फिरलो. ४० एकरांचा ठराव होता, जमिनीवर कांदा भरला ४६ एकर. सहा एकर जास्त.

वहीत आम्ही चार महिने एक कोटी ४४ लाख लिटर लपवत होतो, सगळे मिळून, एकमेकांना न सांगता.

निम्म्या पाळ्या होऊन गेल्या होत्या. उरलेल्या सहा पाळ्यांचे, सहा एकरांचे, ७२ लाख लिटर कुठून आणायचे हा प्रश्न होता. कुणी म्हणालं सगळ्यांनी एकेक पाळी सोडू. ते झालं असतं, ९२ लाख वाचले असते. पण मग नियम पाळणाऱ्यानंही किंमत मोजायची? आबांनी निकाल दिला: "कांदा कुणाचा उपटायचा नाय. लेकरासारखा वाढलाय. पण ज्यानं जास्त लावलाय त्यानं आपल्या मंजूर क्षेत्राच्या पाण्यातच तो वाढवायचा."

म्हणजे मला दोन एकरांच्या पाण्यात अडीच एकर. एक पाळी सोडली, शेवटची हलकी दिली, पाळ्यांतलं अंतर आठ दिवसांचं दहावर नेलं. काढणीला फरक दिसला. पोसायच्या वेळी ताण बसला, गोल्टी जास्त निघाली. अडीच एकरांत मिळून माल जवळपास दोन एकरांएवढाच भरला. वीस गुंठ्यांची मजुरी, खत, फवारणी अंगावर.

मे अखेर

आता वर्षाचा निकाल. यंदा १५ मेला कोरड्या विहिरी ११. मागच्या वर्षी एप्रिलातच १९ होत्या. पिण्याच्या पाण्याची विहीर टिकली, टँकर मागवावा लागला नाही.

पण हे आमच्या मोजण्यानं झालं असं मी म्हणणार नाही. यंदा आमच्या तीन मापकांची सरासरी ५१२ मिलिमीटर आली. मागचं वर्ष त्याहून बरंच कोरडं होतं. चांगल्या पावसाच्या वर्षात विहिरी टिकल्या म्हणून छाती काढायची नसते. कमी पावसाच्या वर्षात काय होतं ते बघू, मग बोलू. एका देणगीदाराला आमच्या कामावर कार्यक्रम करायचा होता, "टँकरमुक्त" असा मोठा फलक लावून. आक्कांनी नको म्हटलं. ६१० रुपये शिल्लक असताना नको म्हणायला धाडस लागतं.

एक माणूस आमच्यातून गेला, तेही लिहायला हवं. मार्चमध्ये त्यानं डाळिंबासाठी बोअर घेतला. बाग चार वर्षांची, डोळ्यांदेखत वाळत होती. २००९ च्या भूजल कायद्यात खोल विंधन विहिरींवर बंधनं आहेत, हे त्यालाही माहीत आणि आम्हालाही. पण कायद्याचं पुस्तक घेऊन मित्राच्या बांधावर जायचं कुणी? आम्ही गेलो नाही. तो सभेला यायचा थांबला. रस्त्यात राम राम होतो. परवा मोजणीदार मात्र त्याच्याकडं जाऊन आला आणि बोअरची पाणीपातळी मोजायची परवानगी घेऊन आला. माझ्याच्यानं ते झालं नसतं.

परवाच्या सभेत पुढच्या वर्षासाठी जे ठरलं ते कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून देतो:

१. वही सचिवाकडं राहणार नाही. मोजणाऱ्याकडं राहील. ज्याच्या हातात पेन, त्याच्या विहिरीचा आकडा त्यानं लिहायचा नाही.

२. चुकलेला आकडा खोडायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी नवा लिहायचा, दोघांच्या सह्या. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

३. सांगितलेल्या क्षेत्रावर हिशेब नाही. लागवडीनंतर पंधरा दिवसांत शिवारफेरी, सगळ्यांनी मिळून, अध्यक्षांच्या रानापासून सुरुवात.

४. रोप टाकतानाच बी मोजायचं. उरलेलं रोप संस्थेला कळवायचं, ओढ्याबाहेरच्या कुणाला लागत असेल तर द्यायचं. मोह बी टाकतानाच पेरला जातो, हे मी स्वतःवरून सांगतो.

५. ऑक्टोबरच्या हिशेबात ओढ्यातून वाहून जाणारं पाणी धरायचं. त्यासाठी ओढ्याच्या तोंडाला एक पट्टी लावायची आहे. ती कशी वाचायची हे आम्हाला शिकायचंय.

सचिवपद सोडतो म्हणालो होतो. सभेनं सोडू दिलं नाही. आबा म्हणाले, "तू आता एवढ्यात परत करणार नायस. नवा माणूस घेतला तर त्याचं पहिलं वर्ष परत काढावं लागंल." सगळे हसले, मीही हसलो.

मोजणीदार यंदा दहावीत. अभ्यास आहे, म्हणून टेप त्याच्या धाकट्या बहिणीकडं जातेय. १ जूनला पहिलं मोजमाप. काल त्या दोघांना माझ्या विहिरीवर बोलावून लाल खूण नव्यानं रंगवून घेतली, जुनी पुसट झाली होती. पोरगी लगेच टेप सोडून मोकळी झाली. तिनं आकडा सांगितला: ११ मीटर ३०. पोरगा म्हणाला, परत एकदा मोज. दुसऱ्यांदाही ११.३० च आला. तो आज ह्या पानावर टाकलाय. १५ जानेवारीची जुनी नोंदही दुरुस्त केलीय, खोडली नाही. आडवी रेघ आहे, शेजारी खरा आकडा आहे.

तुमच्यापैकी कुणी आपल्या विहिरी मोजत असाल तर दोन गोष्टी जरूर लिहा: रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही किती वाजता मोजता, आणि ओढ्याचं वाहतं पाणी मोजायची साधी पद्धत कुणाला जमलीय का. मृगाच्या आत उत्तर मिळालं तर यंदाच पट्टी लावू.

राम राम.